शाई लागलेल्या बायांची रांग

द्राक्षाच्या बागेत विरळनी सुरू झाली की माह्या बोटांना घरी बसवत नाय. दिवाळी होऊन गेलेली असती. सकाळी गोदावरीवरून धुकं उठतं ते बागेच्या तारांपर्यंत येऊन थांबतं. पानं ओली, माती ओली. आमी बाया साडीवर गड्यांचा जुना शर्ट चढवतो, डोक्याला रुमाल बांधतो आन् बारकी कात्री घेऊन येलीखाली उभ्या राहतो. घडातले दाटीचे मनी काढून टाकायचे, म्हंजे राहिलेले फुगत्यात. मान वर, हात वर, दिवसभर. संध्याकाळी भाकरी थापताना पन डोळ्यापुढं हिरवे मनीच दिसत्यात. मी जन्मभर हेच केलं. नवरा लवकर गेला, पोरं लहान व्हती, मंग दुसरं करनार काय. आता गुडघे साथ देत नाय, पन वीस बायांची टोळी अजून माझीच हाय. सायखेड्याकडच्या बागांत भागाबाई म्हनून कोनी वळखनार नाय, मुकादमीन म्हनलं की बोट दाखवत्यात.

यंदा विरळनीच्या टायमालाच झेडपीचं इलेक्शन आलं. आन् परवा सकाळी नात पूजानं पेपर आनून माह्यापुढं धरला.

"आजी, तू परत आली बघ पेपरात."

फोटो तोच. शाळेच्या भिंतीला लागून बायांची रांग, पुढं मी, डोक्यावर पदर, डावा हात छातीशी. मी चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचते. वर लिहिलेलं, महिला मतदारांमध्ये उत्साह. खाली मुंगीएवढ्या अक्षरात एक शब्द व्हता, तो मला लागंना. पूजा म्हनली, "संग्रहित. म्हंजे ठेवनीतला जुना फोटो."

"रेहाना हाय का त्याच्यात?"

"हाय ना. तुझ्या मागंच. दात काढून हसती."

रेहाना देवळ्याची. माह्या टोळीत बारा वर्षं व्हती. तिला जाऊन दीड वरीस झालं. पेपरात ती अजून मतदानाला उभी हाय, आन् मी तिच्या पुढं. मी नजर काढून घेतली. रेहानासाठी काढली असं म्हनता आलं असतं, पन खरं सांगायचं तर फोटोच्या कडंला कुसुम उभी व्हती, हातात मतदारांची यादी धरून. तिच्याकडं मला बघवंना. मी पेपर उलटा करून ठेवला.

तो फोटो काढला ते इलेक्शन आमदारकीचं व्हतं. तवा पन विरळनीच चालू व्हती. आमचं कसं असतं, मतदानाच्या दिवशी बाया पहिल्या टायमाला जात्यात. सात वाजता शाळेचं दार उघडलं की आमी हजर. साहेब लोकांचे डोळे चोळून व्हायच्या आत आमचं मत पेटीत. पेटी कसली आता, मशीन. बटन दाबायचं, टूं वाजतं, संपलं. आठ वाजता बागेत. मंग दहा-अकराला न्याहारी करून पुरुषमानसं येत्यात आन् दुपारी शाळंपुढं कुत्रं पन नसतं.

कुसुम आमच्या गावची अंगनवाडीची बाई. तिच्याकडं मतदारयादीचं काम. दोन म्हैने दारोदार फिरून तिनं यादी केली, चिठ्ठ्या वाटल्या. कोन मेलं, कोन सासरी गेलं, तिला समदं ठाऊक. पूजाला लहानपनी खिचडी तिनंच भरवली. माह्या आधारकार्डाचा, रेशनचा, बँकेचा कागद तिच्याशिवाय कधी भरला गेला नाय. मला जिजी म्हनायची. माह्या पोरीवानी व्हती म्हनलं तर चुकीचं नाय, पन पोरीला असं कोन करतं?

दिनकर आमच्या गावाचा बातमीदार. स्टँडजवळ त्याचं वह्या-पुस्तकाचं दुकान, सकाळी पेपर वाटायचे, दिवसा बातम्या पाठवायच्या. मानूस वंगाळ नाय. त्या दिवशी पाच गावं मोटरसायकलवर करून तो आमच्याकडं आला तवा एक वाजून गेला व्हता. शाळा रिकामी. त्याला दोनच्या आत बायांच्या रांगेचा फोटो पाठवायचा व्हता. तो सरळ बागेत आला. आमी भाकरी सोडून बसलो व्हतो.

"मावशी, पाच मिनिटं चला. नुसतं रांगेत उभं राहायचं. उद्या पेपरात येताल."

"आमचं मत झालं सकाळीच."

"मला माहीत आहे. मत द्यायचंच नाही. फोटोपुरतं."

रेहाना म्हनली, "चल गं जिजी, तुझा फोटो रेशनकार्डावर बघितला मी. चोरी करून पकडल्यावानी दिसती. एक बरा तरी निघू दे."

बाया हसल्या. मी पन हसले. शर्ट काढून ठेवले, तोंडावर पानी मारलं, एकीनं एकीचा पदर नीट केला. अकरा जनी निघालो. मुकादमीन पुढं.

शाळेच्या फाटकाशी कुसुम यादी घेऊन बसलेली, लोकांची नावं शोधून द्यायला. आमाला बघून उठली.

"जिजी, मत दिलेल्यानं परत आत यायचं नसतं. वरून सांगितलंय."

"अगं, आत कुठं, भिंतीला तर उभं राहायचंय."

"भिंत आतच येती, जिजी. नको. माह्या अंगावर येईल."

मी तिच्या दंडाला धरलं आन् म्हनलं, "कुसुम, माह्यापुढं नाय म्हनती व्हय तू? एका मिनिटाचं काम. तू आमचीच ना?"

ती बाजूला झाली. बस, एवढंच झालं. पोलीस झाडाखाली जेवत व्हता. दिनकरनं आमाला ओळीत लावलं, पदर घ्या म्हनला, हसा म्हनला. रेहाना मागून म्हनली, "नवरीवानी लाजू नको गं, मतच द्यायचंय, सात फेरे नाय." त्याच्यावर आमी ज्या हसलो, तोच फोटो.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. खाली लिहिलेलं, मतदानासाठी सकाळपासूनच महिलांच्या रांगा. मी फोटो बघितला आन् पहिली गोष्ट मला दिसली ती सावली. आमच्या समद्यांच्या सावल्या आखूड, भिंत सोडून पुढं मातीवर पडलेल्या. सकाळची सावली अशी असती व्हय? सकाळी ती भिंतीवर लांबलचक पडती. उन्हात काम केलेल्या कोन्याही बाईला हे कळलं असतं. पेपरवाल्यांना नाय कळलं. मी रेहानाला दावलं तर ती म्हनली, "सावलीकडं कोन बघतंय, तुह्याकडं बघत्यात."

तीन दिवसांनी निकाल. आमी बागेतल्या शेडात मालकाच्या मोबाईलवर बघत व्हतो, कात्र्या मांडीवर. एका चॅनलनं आमच्या तालुक्यात एक जन निवडून आला म्हनून दावलं, हार घातलेला त्याचा फोटो पन दावला. गावात फटाके उडाले, गुलाल उडाला. अर्ध्या तासानं त्याच चॅनलवर त्याच आवाजात दुसराच जिंकला. मधी काय झालं, आमी चुकीचं सांगितलं, असं कोनी बोललं नाय. आकडा नुसता बदलला. जसं काय आधीचा कधी नव्हताच. मी पानी प्यायला नळावर गेले तर चार-पाच मानसं डोकं खाली घालून गुलाल धूत व्हती. लय वंगाळ वाटलं. चॅनलवाल्याला टीव्हीतून उतरून त्या नळावर यायचं नसतं. डोकं ज्याचं रंगलं त्यानंच धुवायचं.

मंग दोन दिवसांनी तोच फोटो मोबाईलवर फिरायला लागला. आमच्या बोटांना लाल गोल काढलेला. अकराच्या अकरा बाया रांगेत, मत द्यायच्या आधी, आन् समद्यांच्या डाव्या बोटाला शाई. हरलेल्या बाजूच्या मानसांनी लिहिलं, एकदा देऊन दुसऱ्यांदा उभ्या. बोगस मतदान. एका मोबाईलच्या चॅनलवर एक पोरगी मोठ्यानं विचारत व्हती, ह्या बायांना आत कोनी सोडलं? आन् कुसुमच्या तोंडाला पन लाल गोल.

दिनकर संध्याकाळी घरी आला. घाबरलेला.

"मावशी, चौकशी लागली. फोटोसाठी उभ्या राहिलो असं सांगू नका. माझं तर जाईलच, पण तुम्हा बायांनाही आत घेतील. मतदान केंद्रात खोटी रांग लावली म्हणतील."

"मंग काय सांगू?"

"पाणी प्यायला आलो होतो म्हणा. कुणाचंच नुकसान नाही त्यात."

तालुक्याहून साहेब आले. शाळेत टेबल मांडलं. एकेकीला बोलावलं, पन मुकादमीन म्हनून आधी मला. बाया दाराशी उभ्या, मी काय बोलते ते ऐकत. साहेबांनी विचारलं, "दुपारी परत का आलात?"

मी म्हनले, "पानी प्यायला."

दहा जनींनी तेच म्हनलं.

दोनदा मत कोनीच दिलं नव्हतं. वहीत आमची सही, आंगठा एकदाच. ते साहेबांना लगेच कळलं, आमी सुटलो. पन पान्याचा माठ व्हता शाळेच्या आत, ओट्यावर. मंग साहेबांनी कागदावर असं धरलं की मत दिलेल्या बाया दिवसभर पान्याच्या नावाखाली आत-बाहेर करत व्हत्या आन् कुसुमनं कोनाला अडवलं नाय. तिनं अडवलं व्हतं. मला अडवलं व्हतं. ती तिथंच बाकावर बसलेली, माह्या तोंडाकडं बघत. मी भिंतीवरची बाराखडी बघत राहिले.

तिला अंगनवाडीतून थांबवलं.

पेपरानं चूक सुधारली, असं दिनकर सांगायचा. मी तो पेपर मागून बघितला. पहिल्या पानावर आमचा फोटो केवढा व्हता, ताटाएवढा. सुधारलेलं सापडायला पूजाला पानं चाळावी लागली. आतल्या पानात, राशीभविष्याच्या खाली, चार ओळी. छायाचित्र प्रातिनिधिक होते, त्यामुळे वाचकांचा गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहोत. मी पूजाला तीनदा वाचायला लावलं. म्हनलं, केलं त्यांनी आन् गैरसमज वाचनाराचा? त्याच्यात शाळा नव्हती, बाया नव्हत्या, कुसुम तर कुठंच नव्हती. मोबाईलवाल्यांनी तेवढं पन लिहिलं नाय. ते लाल गोल अजून कुठंकुठं फिरत असतील.

पन पेपराला नावं ठेवताना माझी जीभ अडखळती. त्यांनी चार ओळी तरी लिहिल्या. मी एक ओळ बोलले नाय.

आमच्या टोळीचा एक कायदा हाय, मीच घातलेला. विरळनी करताना चुकून चांगला घड कापला गेला तर तो मातीत दडपायचा नाय, पाल्याखाली सारायचा नाय. तिथंच तारंला लटकवायचा. संध्याकाळी मालक चक्कर मारतो तवा त्याच्या नजरंला पडला पायजे. नव्या बाया लय भीत्यात. एकीनं घड शर्टात लपवला व्हता, तिला मी समद्यांसमोर बोलले व्हते. हात चुकतो, म्हनले, पन लपवला तर तू चोर. असं बोलनारी मी. त्या वर्षी बागेत तारंला लटकलेला घड दिसला की मी त्या ओळीतून जायचं टाळायचे.

मतदानाची शाई कातडीवरून आठ-पंधरा दिवसांत जाती, पन नखावरची जात नाय. नख वाढतं तशी ती पुढं सरकती. मनी ज्वारीएवढे झाले तवा ती नखाच्या मुळाशी व्हती. घड औषधात बुडवायला लागलो तवा मधी आली. संक्रांत गेली, मन्यांत पानी भरलं, रात्रीची थंडी कमी झाली, आन् शाई शेंड्याकडं चालली. पीठ मळताना दिसायची, देवापुढं हात जोडले की दिसायची. मी लांबून कुसुमच्या घराकडं बघायचे. तिच्या जागंवर शेजारच्या गावची बाई येऊन पोरं सांभाळत व्हती. कुसुम दारात बसून शिवनकाम करायची. नळावर तिला बाया म्हनायच्या, "काय कुसुमबाई, एकावर एक मत फुकट का?" चेष्टाच, पन ती चेष्टा रोज. ती हंडा उचलून निघून जायची. माह्याशी ती भांडली नाय. एकदा रस्त्यात समोर आली तर तिनं बाजूला होऊन मला वाट दिली, म्हाताऱ्या मानसाला देत्यात तशी. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडीत माल भरायच्या दिवसांत तिला परत कामावर घेतलं. तवर माह्या नखावरची शाई मी कात्रीनं कापून टाकली व्हती. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. परवा पूजानं सांगितलं, कुसुमच्या कागदात लाल शेरा राहिला हाय. मुख्यसेविकेसाठी, म्हंजे अंगनवाड्यांवर देखरेख करनाऱ्या बाईच्या जागंसाठी, तिनं अर्ज केला, परीक्षेत चांगले मार्क पडले, पन यादीत मागच्या खेपेला दुसरीचं नाव लागलं. यंदा परत यादी निघनार. वयाची अट हाय, ही तिची शेवटची खेप. आन् नेमका ह्याच टायमाला पेपरात तो फोटो परत.

मी दिनकरच्या दुकानात गेले. तो वह्यांना पुठ्ठे लावत व्हता.

"फोटो परत छापला."

"मी नाही, मावशी. वरच्या ऑफिसातून. त्यांच्या ठेवणीत असतो. महिला आणि रांग एवढं शोधलं की तोच वर येतो."

"तुमी तर दिलगिरी छापली ना त्याची?"

"ती पेपरात छापली. फोटोला कोण चिकटवून ठेवतं?"

"मंग आता खरं छाप. आमी मत देऊन आलो व्हतो. तू बोलावलं, मी बायांना नेलं, कुसुम नको म्हनत व्हती. मी साहेबांपुढं खोटं बोलले. माझं नाव टाक."

तो हसला, पन कसंनुसं. "एवढं छापलं तर लोक म्हणतील, ह्यांचे सगळेच फोटो असे."

"हायेत का तसे?"

तो गिऱ्हाईकाकडं वळला. मंग हळूच म्हनला, "मावशी, मला पण झोप लागली नव्हती तेव्हा. पण पेपरात चूक कबूल करणं माझ्या हातात नाही. मी नुसता पाठवणारा."

ते त्याचं खरं असंल. माझं मात्र माह्या हातात व्हतं. मी पूजाला घेऊन तालुक्याच्या ऑफिसात गेले. जिन्यावर दोनदा बसले. टेबलावरच्या मॅडमनं जुना कागद काढला.

"आजी, तेव्हा तुम्ही पाणी प्यायला गेलो म्हणालात. आता म्हणता फोटोसाठी. खोटा जबाब दिला म्हणून तुमच्यावर येऊ शकतं हे."

"येऊ द्या."

"ह्या वयात कशाला ओढवून घेता?"

"कुसुमचा शेरा पुसंल का, ते सांगा."

"पुसता येत नाही. त्याच्याखाली तुमचा हा जबाब लागेल. पुढं वरचे ठरवतील."

मी सही केली. चार अक्षरं, मला लय वेळ लागतो. चौथीतलं लिहिनं हात इसरला व्हता, ही सही मला कुसुमनंच शिकवली व्हती, आंगठा नको देऊ म्हनून.

येताना जबाबाची झेरॉक्स घेऊन तशीच अंगनवाडीत गेले. पोरांची जेवनवेळ झालेली, खिचडीचा वास दारापर्यंत. कुसुम पातेलं उतरवत व्हती. मला बघून थांबली. बस म्हनली नाय, मी बसले पन नाय. कागद तिच्या हातात दिला. तिनं हात पुसले आन् उभ्या उभ्या वाचला. मंग परत पहिल्यापासून वाचला. घडी घालून पिशवीत ठेवला.

"यादी सोमवारी निघती," ती म्हनली. "पोचंल का हे तवर, ठाऊक नाय."

"मॅडम म्हनली लावते आजच."

तिनं पिशवी खुंटीला अडकवली. मंग पहिल्यांदा माह्या डोळ्यांत बघून म्हनली, "तवा का नाय बोलल्या, जिजी? मी समोर व्हते."

मी रस्ताभर उत्तर घोकत आले व्हते. दिनकरनं भ्या घातलं, बाया माह्या भरवशावर व्हत्या, जेलात गेले असते तर पूजाचं कोन बघनार. समदं खरं हाय. पन तिच्यापुढं ते तोंडात येईना.

"भ्याले," मी म्हनले. "आन् फोटो चांगला आला व्हता गं. माझा जन्मात तसा फोटो नव्हता. मी तो कापून पेटीत ठेवला, साड्यांच्या घडीत. तुला कामावरून थांबवलं त्या दिवशी पन काढून बघितला. खरं सांगितलं असतं तर तो खोटा झाला असता."

कुसुमनं ऐकलं. तिच्या तोंडावर राग आला नाय, दुसरं पन काय आलं नाय. पातेल्यावरचं झाकन तिनं काढलं, वाफ वर आली, आन् आत वळून ती पोरांना म्हनली, "चला, हात धुवून घ्या रे."